'घातला' कुठे घालायचा?

मृगाच्या सरी लागल्या की आमच्याकडे घराघरात दोऱ्या बांधतात. अंगणातली दोरी मग दसऱ्यापर्यंत मोकळी. पवन मावळचा पाऊस ज्यांनी पाहिला नाही त्यांना खरे वाटायचे नाही, पण आषाढात इथे बाहेर टाकलेला सदरा वाळला असे होत नाही. एका अंगाला तिकोना, पलीकडे तुंग, मागे लोहगड आणि विसापूर. ढग या डोंगरांत एकदा अडकला की हलायचे नाव घेत नाही. म्हणून चुलीच्या वरून ओटीच्या खुंटीपर्यंत दोरी ताणायची आणि घरादाराचे कपडे तिच्यावर टाकायचे. कपड्याला धुराचा वास लागतो, पण अंगात कोरडे पडते.

माझा इंग्रजीचा वर्ग या दोरीखाली भरला. तो कसा भरला आणि त्यातून काय हाती लागले, ते आज सांगायचे आहे. ज्यांच्या घरी पहिली-दुसरीतली पोरे आहेत त्या मायबहिणींना उपयोग होईल. खर्च काही नाही. दोरी आणि चिमटे तर प्रत्येक घरात आहेतच.

मी छत्तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवले आणि निवृत्त होऊन इथे पवनानगरला, जुनी माणसे ज्याला अजून काळे कॉलनी म्हणतात तिथे, मुलाच्या घरी राहते आहे. थोडीफार भातशेती आहे. लावणीच्या दिवसांत घरोघरची धडधाकट माणसे खाचरात असतात आणि पोरे म्हाताऱ्यांच्या पदरात पडतात. तशी माझ्याकडे सहा पोरे जमली. एक माझी नात, दुसरीतली. बाकीची शेजारपाजारची, कोणी पहिलीतले, कोणी तिसरीतले. सगळी मराठी शाळेतली.

मराठी शाळेत पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० सालच्या जूनपासून. प्रा. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. त्याआधी आमच्या शाळांतून इंग्रजी पाचवीला सुरू होई. या निर्णयावर तेव्हा पुष्कळ वाद झाला. शहरातली मोठमोठी माणसे विरोधात बोलली. खेड्यातला बाप मात्र खूश होता, कारण इंग्रजी ही आपल्या पोराच्या वाटेतली धोंड आहे हे त्याला कोणी समजावून सांगावे लागत नव्हते. खुद्द सावित्रीबाई फुल्यांनी १८५४ सालच्या आपल्या कवितासंग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला होता. बहुजनांच्या घरातली ही ओढ कालपरवाची नाही.

पण पुष्कळ ठिकाणी झाले काय, तर इंग्रजी म्हणजे शब्द असा समज पक्का झाला. शर्ट म्हणजे सदरा, कॅप म्हणजे टोपी, शू म्हणजे बूट. पोरगे घरी येऊन पाच मिनिटांत चाळीस शब्द म्हणून दाखवते आणि बापाची छाती फुगते. त्या चाळिसातले तीन शब्द जोडून एक वाक्य कर म्हटले की ते खाली बघते. शब्द म्हणजे सुटी वीट. चाळीस विटा ओट्यावर रचून ठेवल्या म्हणून भिंत होत नाही.

माझ्या नातीने एके दिवशी वाक्य केले. लाल फ्रॉक दोरीवरून ओढून अंगात घातला आणि मोठ्या ऐटीत म्हणाली, "आय रेड फ्रॉक वेअर."

मुलगा तिथेच चहा पीत होता. त्याचा चेहरा उतरला. तो मला म्हणाला, "आई, बघ. दुसरीत गेली तरी हे असं. मी तुला म्हणतोय, हिला कामशेतच्या इंग्रजी शाळेत घालू. गाडी दारात येते."

गाडी दारात येते हे खरे. तिचे पैसे महिन्याच्या महिन्याला द्यावे लागतात हेही खरे, आणि एका दुभत्या म्हशीवर चाललेल्या घरात ते कुठून यायचे, हा प्रश्न सूनबाईच्या डोळ्यांत मला दिसला. ती बोलली काहीच नाही. भाकरी थापत राहिली.

मी मुलाला म्हटले, "ती चुकली खरी, पण ढ आहे म्हणून नव्हे. ती सरळ चालली आहे. 'मी लाल फ्रॉक घालते.' मी म्हणजे आय, लाल म्हणजे रेड, फ्रॉक तो फ्रॉकच, घालते म्हणजे वेअर. चारही शब्द बरोबर आहेत आणि मराठीच्या ओळीने उभे आहेत. इंग्रजीची ओळ वेगळी आहे एवढेच तिला कोणी सांगितलेले नाही. मला हा पावसाळा दे. दिवाळीनंतर काय ते ठरव."

वाचकहो, मराठी आणि इंग्रजी यांच्यात खरा फरक आहे तो इथे. आपले क्रियापद बसते वाक्याच्या शेवटी. 'घातला', 'धुतला', 'फाटला' हे सगळ्यांच्या मागून येतात, जसा शेतावरून घरी येताना धनी सगळ्यांच्या मागे असतो. इंग्रजीत करणाऱ्याच्या पाठोपाठ लगेच क्रियापद. आधी कोण, मग त्याने केले काय, आणि मग कशाचे केले. आय वेअर अ रेड फ्रॉक. यात आपली पद्धत उलटी आणि त्यांची सुलटी असे काही नाही. तमिळ, कन्नड, हिंदी, जपानी, तुर्की या सगळ्या भाषा आपल्यासारख्याच क्रियापद शेवटी ठेवतात. पोरांना हे आवर्जून सांगावे. आपण चुकीचे बोलतो म्हणून इंग्रजी येत नाही, अशी एक लाज नकळत त्यांच्या मनात बसलेली असते. ती आधी निघाली पाहिजे.

दुसरा फरक याहून खोल आहे. तो पोरांना समजावला एका शेळीने.

पाऊस थोडा उघडला म्हणून शेजारणीने नवऱ्याचा सदरा कुंपणावर टाकला होता. शेळीने त्याची बाही चावून खाल्ली. मोठा आरडाओरडा झाला. पोरे धावत येऊन सांगू लागली. एक म्हणाला, "शेळीने सदरा खाल्ला." दुसरी म्हणाली, "सदरा खाल्ला शेळीने." तिसरा म्हणाला, "आजी, सदरा शेळीने खाल्ला!" मी विचारले, "तिघांनी वेगवेगळे सांगितले. मग शेळी तीन वेळा जेवली का?" पोरे हसली. तिन्हीचा अर्थ एकच.

मग मी म्हटले, "आता हेच इंग्रजीत. द गोट ईट्स द शर्ट. शेळी सदरा खाते. आता गोट आणि शर्ट यांच्या जागा बदलू. द शर्ट ईट्स द गोट. काय झाले?"

क्षणभर शांतता. मग नात किंचाळली, "सदऱ्याने शेळी खाल्ली!" त्या दिवशी पोरे संध्याकाळपर्यंत तेच म्हणत हिंडत होती. धोतराने बैल खाल्ला, टोपीने मास्तर खाल्ले.

लग्नाच्या मांडवात वराकडच्यांचे फेटे एका रंगाचे, वधूकडच्यांचे दुसऱ्या रंगाचे. मग पाहुणा कुठेही बसो, पंगतीत असो की दाराशी, तो कोणाकडचा हे फेट्यावरून कळते. मराठीत शब्दांच्या अंगावर असे फेटे आहेत. 'शेळीने' मधला 'ने' सांगतो की खाणारी ही. 'बैलाला' मधला 'ला' सांगतो की जे झाले ते याला झाले. म्हणून आपले शब्द जागा सोडून फिरले तरी ओळख सोडत नाहीत. इंग्रजीत बहुतेक शब्द बोडके आहेत. तिथे नवरा कोण आणि करवला कोण हे कळायचे तर कोण कुठल्या पाटावर बसला आहे ते बघावे लागते. जागा हलली की माणूसच बदलला.

गंमत अशी की इंग्रजीच्या डोक्यावरही एके काळी असे फेटे होते. हजार वर्षांमागच्या इंग्रजीत शब्दांना प्रत्यय लागत आणि त्यांची जागाही आजच्यापेक्षा पुष्कळ सैल असे. पुढच्या काही शतकांत ते प्रत्यय झिजून गेले आणि ओळ घट्ट झाली. म्हणून आज इंग्रजीत ओळीला एवढे महत्त्व. मला स्वतःला हे पुष्कळ उशिरा वाचायला मिळाले. आमच्या पिढीने तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पुढ्यात ठेवून इंग्रजी गिरवले. तिने आम्हाला पुष्कळ दिले, पण ती वयाने वाढलेल्यांसाठी होती. सहा-सात वर्षांच्या पोराला कर्ता-कर्म-क्रियापद सांगणे म्हणजे वासराला नांगराला जुंपणे.

म्हणून मी दोरी घेतली. ओटीतल्या दोरीचा एक तुकडा पोरांच्या हाताला येईल इतका खाली बांधला आणि त्याला चार चिमटे लावले. दुसरा चिमटा लाल. तो क्रियापदाचा. तो कधी हलायचा नाही. पहिल्या चिमट्याला नाव, म्हणजे ज्याची पाळी त्याच्या नावाची चिठ्ठी. तिसऱ्याला रंगाची चिंधी. चौथ्याला खरा कपडा, टोपी, मोजा, रुमाल, जो हाती येईल तो. पोरगे दोरीच्या डाव्या टोकापासून चालत जायचे, एकेका चिमट्याला हात लावायचे आणि शब्द बोलायचे. आय, वेअर, रेड, फ्रॉक. 'अ' हा बारका शब्द रंगाच्या आधी येतो. त्यासाठी रंगाच्या चिंधीआधी दोरीला एक गाठ मारली. गाठीला बोट लागले की 'अ'.

आणखी एक सांगते. पहिले आठ दिवस वाक्य नाहीच. नुसता हुकूम. टेक द टॉवेल. फोल्ड द शर्ट. वॉश द सॉक. मी बोलायचे आणि पोरांनी करायचे, तोंडाने बोलायची सक्ती नाही. हुकमात क्रियापद सगळ्यांच्या पुढे उभे राहते, त्यामुळे कानाला सवय होते की इंग्रजीत काम आधी ऐकू येते. शिवाय घरातल्या सगळ्या घड्या आपोआप पडतात, हा वेगळा फायदा! सूनबाई म्हणाली, "आत्या, हा वर्ग बंद नका करू."

'वर' या शब्दाने मात्र आम्हाला चार दिवस घोळवले. 'टोपी खुर्चीवर ठेव.' इंग्रजीत, पुट द कॅप ऑन द चेअर. 'ठेव' शेवटी होते ते पहिले आले, आणि खुर्चीच्या पाठीला चिकटलेला 'वर' सुटून खुर्चीच्या पुढे जाऊन उभा राहिला. पोरे म्हणत, "कॅप चेअर ऑन पुट." यावर उपाय नातीने काढला. ती खुर्चीजवळ गेली, आधी हाताने थाप मारून 'ऑन' म्हणाली, मग बसकण मारून 'चेअर' म्हणाली. बाकीच्यांनी तेच उचलले. थाप आधी, खुर्ची मागून. मला छत्तीस वर्षांत हे सुचले नव्हते.

रंगांच्या बाबतीत सुख आहे. निळा सदरा, ब्लू शर्ट. दोन्हीकडे रंग आधी, वस्तू नंतर. उलट इथे इंग्रजी सोपी. आपल्याकडे निळा सदरा, निळी साडी, निळे धोतर, रंगालासुद्धा वस्तूचे लिंग बघून वळावे लागते. इंग्रजीत ब्लू तो ब्लूच. पोरांना हे कळल्यावर त्यांना इंग्रजीची कीव आल्यासारखे झाले. दोन विशेषणे आली तर मात्र त्यांचीही ओळ ठरलेली असते. आकार आधी, रंग मागून. बिग रेड फ्रॉक म्हणायचे, रेड बिग फ्रॉक नाही. लहान पोरांना दोनाच्या पुढे नेऊ नये.

प्रश्न विचारायला शिकवताना दोन पोरांना उभे करावे. एकाच्या गळ्यात 'धिस', दुसऱ्याच्या गळ्यात 'इज', आणि पुढे हातात सदरा घेतलेला तिसरा. धिस इज अ शर्ट. आता पहिल्या दोघांनी जागा बदलायच्या. इज धिस अ शर्ट? झाला प्रश्न. आपल्याला शेवटी 'का' लावला की भागते. त्यांना जागेवरून उठावे लागते.

एक दिवस नातीने विचारले, "आजी, वेअर म्हणजे घालणे ना? मग तू साडी नेसतेस त्याला काय?" मी म्हटले, वेअर. "आणि बाबा फेटा बांधतात त्याला?" वेअर. "शाल पांघरतात?" वेअर. "चष्मा लावतात?" वेअर. "गजरा माळतात?" तोही वेअर. अंगावर घेऊन वावरायचे ते सगळे वेअर. पोर विचारात पडली आणि म्हणाली, "त्यांच्याकडे एकच शब्द आहे होय?" मी काही बोलले नाही. नेसणे, घालणे, बांधणे, पांघरणे, लावणे, माळणे हे एवढे शब्द आपण रोज न मोजता वापरतो. कोणी परका विचारील तेव्हा कळते की घरात केवढे आहे. इरल्याला इंग्रजीत काय म्हणतात हेही तिने विचारले. बांबू आणि पळसाच्या पानांचे ते इरले आता आमच्याही गावात थोड्याच घरी उरले आहे; बायका प्लॅस्टिकचा कागद पांघरून लावणी करतात. इंग्रजीत त्याला शब्द नाही. आम्ही म्हटले, द इरले इज ऑन द वॉल. इंग्रजीचे काही बिघडले नाही. तिने पायजमा आपल्याकडून नेला, खाकी नेली, शाल नेली. डंगरी नावाच्या जाड कापडाचे नाव तर मुंबईच्या डोंगरीशी जोडतात. एक इरलेही खपून जाईल.

मराठी चांगली येत असेल तर इंग्रजी लवकर येते की उशिरा, यावर पुढारी भांडतात. मी फलटणचे उदाहरण देते. मॅक्सीन बर्नसन नावाच्या अमेरिकन बाई १९६१ साली भारतात आल्या, मराठी शिकल्या, फलटणला राहिल्या, पुढे भारताच्या नागरिक झाल्या. जाई निंबकर यांच्याबरोबर त्यांनी इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी मराठीचे व्याकरण लिहिले, ते १९७५ साली प्रसिद्ध झाले. १९८४ साली त्यांनी फलटणला प्रगत शिक्षण संस्था काढली आणि तिथल्या पोरांना आधी मराठी लिहा-वाचायला पक्के केले. जिची मातृभाषाच इंग्रजी, ती बाई खेड्यातल्या पोराला आधी मराठी देते, यात काही अर्थ असेल की नाही? बाईंनाही उलट्या बाजूने हेच कोडे सुटायचे होते. त्यांना 'घातला' शेवटी न्यायचा होता, आपल्याला तो पुढे आणायचा आहे.

दिवाळी झाली. दोरी बाहेर गेली, पण पोरांनी ओटीवरची त्यांची दोरी सोडू दिली नाही. त्याच सुमारास आमच्या वर्गात एक मोठा विद्यार्थी आला.

धरणाच्या काठाला अलीकडे तंबूंचा धंदा वाढला आहे हे आपण ऐकले असेल. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची माणसे येतात. आमच्या आळीतला एक पोरगा, बारावी झालेला, अशाच एका ठिकाणी कामाला जातो. पाहुण्यांना पाण्यात फिरवायचे, त्याआधी तरंगायचे जाकीट घालायला लावायचे, हे त्याचे काम. एका शनिवारी दक्षिणेकडची मंडळी आली. त्यांना मराठी येईना, हिंदीही जेमतेम. याने इंग्रजीत सांगितले. त्याला म्हणायचे होते, 'जाकीट घातले नाही तर बोटीत बसायचे नाही.' तो म्हणाला, "जॅकेट वेअर नो, बोट सिट नो."

त्यातल्या एका गृहस्थाने 'जॅकेट वेअर नो' एवढे ऐकले, मान डोलावली आणि अंगातले जाकीट काढून बाकावर ठेवले. पोरगा हातवारे करीत धावला. ते जाकीट पुन्हा अंगात चढले तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. पवना धरणात माणसे बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो. आम्ही काठावरची माणसे त्यांच्या आरोळ्या ऐकलेली आहोत. वर बोटवाला बाकीच्यांसमोर त्याला नको ते बोलला, आणि पाहुण्यांतली पोरे 'सिट नो, सिट नो' म्हणून हसली. तेव्हापासून हा इंग्रजीत तोंडच उघडीना.

तो माझ्या ओट्यावर आला तो अंधार पडल्यावर. म्हणाला, "आजी, मला चारच वाक्यं शिकवा. पण पोरांच्या आधी या म्हणाल तर येतो."

मी म्हटले, "पोरांबरोबरच यायचे. दोरी एकच आहे."

आला बिचारा. सहा चिमुरड्यांच्या मागे भिंतीला पाठ लावून बसला. मी कोणाच्या तरी घरातली जुनी बंडी मागवली, ती झाली जाकीट. आणि त्या निमित्ताने एक गोष्ट मलाही नीट बोलून दाखवता आली. आपले 'नाही', 'नको', 'नका' हे वाक्याच्या शेपटाला असतात. 'जाकीट काढू नका.' 'काढू' म्हटल्यावरसुद्धा मराठी माणूस हात हलवीत नाही. 'काढू या', 'काढू का', 'काढू नका' यातले काय येते याची वाट बघतो. शेवटपर्यंत ऐकायची आपल्याला जन्माची सवय आहे. इंग्रजी ऐकणारा तसा थांबत नाही. त्याला मना करायचे असेल तर ते काम सांगायच्या आधी आले पाहिजे. डोन्ट टेक ऑफ द जॅकेट. 'डोन्ट' कानावर पडले की त्याचा हात जागीच थांबतो.

लाल चिमट्याच्या आधी आम्ही एक काळा चिमटा लावला. तो 'डोन्ट'चा. पहिलीतल्या पोराने त्याला 'नकोबा' असे नाव ठेवले. डोन्ट वॉश द कॅप. डोन्ट फोल्ड द टॉवेल. डोन्ट टेक ऑफ द जॅकेट. पोरे म्हणायची, मागून हा म्हणायचा. पहिल्या दिवशी ओठांतल्या ओठांत. तिसऱ्या दिवशी चुलीपाशी बसलेली सूनबाईही म्हणू लागली. नववीत शाळा सुटलेली बाई, भाकरी उलटताना आपल्याशीच पुटपुटत होती, "डोन्ट टच द तवा." मुलगा जेवायला बसला होता. त्याने वर पाहिले आणि काही न बोलता पुढचा घास घेतला.

कामशेतच्या गाडीचा विषय त्याने दिवाळीनंतर काढला नाही. चौथीपर्यंत पोर इथेच शिकेल असे एके रात्री तो सूनबाईला सांगत होता, ते मी ऐकले. पुढचे पुढे. मीही त्याला विचारले नाही. बापाला पोरीची काळजी वाटते यात वावगे काय आहे? उद्या त्याने तिला इंग्रजी शाळेत घातले तरी ती तिथे बावरणार नाही, एवढी तयारी आत्ताच झाली आहे.

पोरगा दोन आठवडे ओट्यावर बसला. वेअर द जॅकेट. देन सिट इन द बोट. डोन्ट स्टँड इन द बोट. डोन्ट टेक ऑफ द जॅकेट. ही त्याची चार वाक्ये. तिसऱ्या रविवारी संध्याकाळी तो काठावरून थेट आमच्याकडे आला. पायाला ओला गाळ तसाच. म्हणाला, "आजी, आज बेंगळुरूची बारा माणसं होती. सगळ्यांनी घातलं."

"हसले का कोणी?"

"न्हाई. एकानं मला मधेच कायतरी विचारलं, ते मला कळलं न्हाई. मी परत म्हटलं, वेअर द जॅकेट. तर हा म्हणून घातलं त्यानं." तो जरा थांबला. "पण आजी, पट्टा ढिला ठेवतात वं ती माणसं. पट्टा घट्ट बांधा, हे कसं म्हणायचं? बेल्ट टाइट..."

"टाय!" नात अंथरुणातून ओरडली. "दादा, टाय आधी!"

"टाय द बेल्ट टाइट," तो म्हणाला, आणि पायरीवर बसून पायांचा गाळ खरवडू लागला.